वेरूळला जाताना कोणाला गाडीत बसवून ठेवू नका

सहकुटुंब सहलीचा बेत ठरताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्यांना कशाला दगदग? ते खाली गाडीतच बसतील.’ पक्षाघातातून सावरणारे आजोबा, कुबड्या घेऊन चालणारी आत्या, गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी. वाक्य प्रत्येकासाठी तेच. त्यात माया असते, हे खरे. परंतु वाचकहो, वेरूळला निघण्यापूर्वी त्या स्थळाची रचना जरा ध्यानात घ्या.

येथील 34 लेण्यांपैकी कैलास हे सोळावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. कारागीर जेथे थांबले ते प्रांगण पुष्कळसे सपाट आहे. खुर्चीत बसून पाहणाऱ्याला तेथून दोन्ही ध्वजस्तंभ दिसतात, मंदिराचा भार पाठीवर पेलणारी हत्तींची रांग दिसते, दक्षिणेकडे कैलास हलवू पाहणारा रावणही दिसतो. सभामंडपात जायला मात्र जिना चढावा लागतो. तेथे खुर्ची जात नाही, हे आधीच सांगावे म्हणजे हिरमोड होत नाही.

अजिंठ्याची गोष्ट निराळी. वाघूर नदीच्या नालाकृती घळीत, कड्यावर ओळीने कोरलेली ती लेणी, वाट पायऱ्यांची. तेथे डोली मिळते. अनेकांना ती सोयीची वाटते, काहींना चार माणसांच्या खांद्यावरून जाणे मनाला लागते. डोली ठरविण्यापूर्वी त्या व्यक्तीलाच विचारा. शिवाय चित्रांच्या रक्षणासाठी आतला उजेड मंद ठेवलेला असतो. क्षीण दृष्टीच्या माणसाचा पाय तेथे सहज अडखळतो.

‘एक उतरण बांधली की झाले’ असे आपण म्हणतो. पण एक इंच उंचीस बारा इंच लांबी हे तिचे प्रमाण. सहा इंचांच्या दहा पायऱ्यांना 60 फूट उतरण लागेल, आणि प्राचीन शिळेला छिद्र पाडून ती बसविता येत नाही. म्हणून मूळ दगडाला न दुखविणारी, काढता येणारी लाकडी किंवा लोखंडी रचना हा शहाणा मार्ग. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर 2020 मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली, तीही खड्या कड्यावर. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. अंधांसाठी तर उतरणीचा प्रश्नच नाही. मूळ शिल्पास हात लावू नये हे रास्त, मग हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती तरी हवी.

आता प्रकृतीविषयी. प्रवासात सर्वाधिक अपाय होतो तो पायऱ्यांमुळे नव्हे, असे मला वाटते. वापरता येईल असे स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून निर्जलीकरण होते, मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. तेव्हा निघण्यापूर्वी दूरध्वनी करून दाराची रुंदी आणि आधाराचा दांडा यांची चौकशी करा; नुसते ‘सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे झुकून बैठकीवरचा भार हलका करावा, अन्यथा दाबव्रण होतात. मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांना त्याखालच्या अंगाला नीट घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर झपाट्याने तापते. पाण्याचा फवारा व ओला पंचा जवळ असू द्या.

कैलास पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी प्रांगणात सावली असते. हिवाळ्यातील सकाळ निवडा. मंगळवारी मात्र वेरूळ बंद असते.