भडगावचा मुक्काम आणि चाकाचे बेअरिंग

मामूंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन जळगावला शनिवारी ठरले आणि अम्मीने जाहीर केले, "भाऊ घरात एकटा आहे, मी जाणार." गुरुवारी सकाळी आम्ही औरंगाबादहून भडगावला निघालो. गाडी अब्बांची, 2006 सालची मारुती 800. अब्बांच्या इंतकालला चार वर्षे झाली, पण गाडी विकायला मन झाले नाही आणि नवी घेण्याची ऐपतही नव्हती. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून आम्ही ती वापरत राहिलो.

कन्नड मागे पडले की औट्रम घाट लागतो. आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्याला आजही चिकटून आहे. मराठवाड्याचे पठार संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. अम्मीला हे दृश्य फार आवडते. त्या दिवशी मात्र तिचे लक्ष खिडकीबाहेर नव्हते. "माझ्या पायाखाली कोणी जाते फिरवतेय का रे?" तिने विचारले.

मला तो आवाज ठाऊक होता. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. "पुढच्या दोन्ही चाकांचे सगळे बदलावे लागेल, साडेसहा हजार," असे उत्तर मिळाले. तेवढे पैसे हाताशी नव्हते, म्हणून मी कानाडोळा केला आणि घरी काही बोललो नाही. आता घाटात गाडी उजवीकडे वळली की घरघर वाढत होती, डावीकडे वळली की कमी होत होती. शेजारी अम्मी होती आणि एका बाजूला दरी. त्या अर्ध्या तासात साडेसहा हजारांची किंमत मला वेगळीच वाटू लागली.

चाळीसगावनंतर सरळ रस्ता आला. गाडी न्यूट्रल करून पाहिली. इंजिनाचा आवाज उतरला, घरघर तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, चाकात होता. उरलेले तीसेक किलोमीटर चाळीसच्या वेगाने कापले.

भडगाव गिरणेच्या काठचे तालुक्याचे गाव. नाशिक जिल्ह्यातून, मालेगावच्या बाजूने येणारी ही नदी पुढे तापीला मिळते. तिच्या पाण्यावर इथे केळी आणि कपाशी उभी राहते. तालुक्यातल्या कजगावचे नाव तर केळीसाठीच घेतले जाते. रस्त्यावर गाड्यांपेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त. मामूंच्या घरी पोहोचलो तेव्हा मामीने कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत तयार ठेवले होते. जेवताना अम्मीने जात्याची गोष्ट सांगितली. मामू म्हणाले, "सकाळी आपल्या मिस्त्रीचाचांकडे जा. परवा त्याच गाडीत मला जळगावला न्यायचे आहे ना?"

शुक्रवारी सकाळी नऊला मी चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर झालो. एका शेतकऱ्याशी त्यांचे अहिराणीत बोलणे चालले होते. माझ्याकडे वळून ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "बेटा, गाडी पहले बोलती है, बाद में बैठती है. तुम कब से सुन रहे?" मी खरे ते सांगितले. ते हसले नाहीत.

त्यांनी गाडीखाली जॅक लावला, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचे डावे चाक वर-खाली धरून हलवले. चाक खटखटले. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा हलवले. खटखट थांबली. ते म्हणाले, "ब्रेक दाबल्यावरही हलले असते, तर बॉल जॉइंट पाहावा लागला असता. हे बेअरिंगच आहे." नंतर एक हात स्प्रिंगवर ठेवून त्यांनी चाक फिरवले आणि माझाही हात तिथे ठेवला. डाव्या बाजूला वाळू दळल्यासारखी थरथर लागत होती. उजव्या बाजूला काहीच नाही.

"मग दोन्ही बाजू कशाला बदलायच्या?" चाचा म्हणाले. ब्रेकचे पॅड जोडीने बदलतात, बेअरिंगचे तसे नसते. जे चाक चांगले आहे ते तपासून सोडून द्यायचे. घाटातल्या आवाजाचा अर्थही त्यांनी सांगितला. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर येते, म्हणून त्या बाजूचे झिजलेले बेअरिंग ओरडते.

चाक, ब्रेक आणि नकल उतरवून झाल्यावर त्यांनी जुने बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवले. ग्रीसचा रंग गंजासारखा झाला होता आणि छर्रे फिरतात त्या कड्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. "पाण्यात घातली होती का?" त्यांनी विचारले. मागच्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्याचे मला आठवले. सील जुने झाले की पाणी आत शिरते, ग्रीस जाते आणि लोखंड लोखंडाला खाते. तरीही गाडी हाकतच राहिलो, तर चाकाची ढिलाई वाढत जाते, हब तापतो आणि शेवटी चाक जाम होऊ शकते किंवा निखळूही शकते.

बेअरिंग आणायला चाचांनी मलाच बाजारात पाठवले. एवढ्या गावात ते मिळेल का, अशी मला शंका होती. दुकानात शिरलो तर भिंतभर डबे! विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी, ट्रॉल्या, मळणी यंत्रे, सगळे बेअरिंगवरच चालते. शेतीच्या गावात हे दुकान असणारच. तिथे एक गोष्ट नव्याने कळली. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला नंबर हीच त्याची ओळख. मोटारीतल्या 6205 नंबरच्या बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे 05, त्याला 5 ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, 25 मिलिमीटर. कंपनी कोणतीही असो, त्या नंबरचे माप तेच. म्हणून गाडीच्या कंपनीचाच डबा हवा असे नाही. नंबर आणि त्यापुढची अक्षरे जुळली आणि माल नामांकित कंपनीचा असला की झाले. दुकानदाराने पुढे केलेले निम्म्या किमतीचे बिननावाचे बेअरिंग मात्र मी घेतले नाही. चाचांनी निघतानाच बजावले होते, "इसमें मत बचाना."

परत आलो तोवर जुम्याची वेळ झाली होती. शेडचे शटर अर्धे ओढून आम्ही मशिदीत गेलो. नमाजनंतर नकल घेऊन चाचा मला एका लेथवाल्याकडे घेऊन गेले. त्याच्याकडे हाताने चालवायचा प्रेस होता. मी विचारले, "हातोड्याने बसणार नाही का?" चाचा म्हणाले, "बसेल, पण लवकरच पुन्हा ओरडेल." नकलमध्ये बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा लागतो. आतल्या कड्यावर दाब दिला, तर तो छर्ऱ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसण्याआधीच दुखावते. त्या प्रेसचे काम दहा मिनिटांत झाले. मग नवे सील, मोजके ग्रीस, नवा ॲक्सल नट, आणि तोही अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने.

हिशेब असा झाला. बेअरिंग, सील आणि नट मिळून 750 रुपये, प्रेसचे 100, चाचांची मजुरी 400. एकूण 1250. मी 1500 पुढे केले. चाचांनी अडीचशे परत दिले आणि जुने बेअरिंगही कागदात गुंडाळून हातात ठेवले. "तुझी वस्तू आहे, तुझ्याकडे असू दे. काय बदलले ते घरी दाखवता येईल." अमानत या शब्दाचा अर्थ मला त्या पुडीत दिसला.

शनिवारी मामूंना जळगावला नेले. साठेक किलोमीटरच्या वाटेत मामू मागच्या सीटवर झोपले. अल्हम्दुलिल्लाह, ऑपरेशन नीट पार पडले. मंगळवारी परतताना घाटात अम्मी मुद्दाम कान देऊन बसली होती. वळणामागून वळण गेले. शेवटी ती म्हणाली, "जाते थांबले."

जुनी गाडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ती चालवण्यात कमीपणा नाही आणि जे शाबूत आहे ते फेकून न देणे हा इस्राफ टाळण्याचाच एक मार्ग आहे. फक्त काटकसर कुठे करायची ते कळले पाहिजे. चांगले चाक उघडू नये, डब्यावरच्या नावाचे जादा पैसे देऊ नयेत, दुसऱ्या मिस्त्रीचेही मत घ्यावे. पण बेअरिंग, सील आणि प्रेस यांत पैसा वाचवू नये. आणि आवाज आला की त्याच आठवड्यात दाखवावे. मी दोन महिने थांबलो, आणि ते दोन महिने अम्मी त्याच चाकावर बसत होती.