बिल्ला कानात, नाव दुसऱ्याचं

आज उसावर काही नाही, म्हशीवर लिहितो. चूक माझीच झाली, म्हणून सांगायलाही मीच पाहिजे.

श्रावणात कागल तालुक्यातनं एक मुऱ्हा म्हस आणली. दुसरं वेत, सव्वा लाखाला सौदा. बाजारात न जाता गोठ्यावरच व्यवहार झाला. पैसे मोजले, टेम्पोत घातली, उचगावला आणली. कानात पिवळा बिल्ला होताच, म्हटलं झालं काम.

तीन आठवड्यांनी ती माजावर आली आणि रात्रीत दावं तोडून गेली. तिचं रेडकू आधीच दगावलेलं, त्यामुळं गोठ्याकडं परत यायची ओढ तिला नव्हती. आमचं गाव हायवेला लागून. रात्रभर बॅटरी घेऊन फिरताना मला फक्त ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं की गडमुडशिंगीच्या शिवारात एकानं अनोळखी म्हस बांधून ठेवली आहे.

गेलो. म्हस माझीच. त्या माणसानं वैरण घातली होती, धार काढून कासेचा भार उतरवला होता, नाहीतर दगडी झालीच असती. पण सोडायला तयार नाही. म्हणाला, "काल एक जण येऊन माझीच म्हणून गेलाय. आज तुम्ही. मी कुणाला देऊ?" त्याचं काय चुकलं? काळी म्हस, आखूड वळलेली शिंगं, कपाळावर ठिपका नाही. अशा शंभर म्हशी आहेत. मी हाक मारली तर तिनं मान सुद्धा वळवली नाही. आपल्या कोल्हापुरात दिवाळीला म्हशी पळवतात, मालकाच्या गाडीमागं कशा धावतात बघितलंय ना? तिथं कुणाची म्हस कुणाची हे विचारावं लागत नाही. पण तीन आठवड्यांत म्हस कुणाची होत नसते.

मग त्यानंच पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाईलवर भारत पशुधन ॲपमध्ये टाकला. वय, जात, लसी सगळं दिसलं. मालकाच्या जागी नाव कागलच्या गड्याचं. डॉक्टर म्हणाले, "मामा, नोंदीत ही तुमची नाही."

सव्वा लाख खिशातनं गेलेले आणि हातात पावती सुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, पाय लटपटले.

डॉक्टरांनी तिथूनच नोंदीतल्या नंबरवर फोन लावला. त्या गड्यानं मनात आणलं असतं तर "होय, माझीच, येतो न्यायला" म्हणाला असता. तो मोटारसायकलवर दीड तासात आला. लांबूनच हाक मारली. म्हशीनं कान टवकारले आणि हंबरली. तो म्हणाला, "विकली मी ह्यांना. पैसे पोचलेत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी कासरा शोधायला वळलो.

नावाचा बदल त्याच आठवड्यात करून घेतला. दोघांनी दवाखान्यात जायचं, एवढंच काम. ते आधी का केलं नाही, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आता थोडं कामाचं. आपल्या राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली आहे. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या. विमा उतरवला असेल तर जास्तच जपा, कारण बिल्ला नसेल तर दावा अडतो. गव्हाणीला, तारेला घासून बिल्ला तुटतो. तुटला की लगेच नवीन मारून जुन्या नंबरशी जोडून घ्यायचा. पावसाळ्यात मारला तर जखमेवर माशी बसू देऊ नका, अळ्या पडल्या की कान जातो.

पुण्याच्या पुतण्याच्या कुत्र्याला तर मानेखाली, खांद्यांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचली आहे. मला वाटलं ती मोबाईलवर कुत्रा कुठं आहे ते दाखवते. तसं काही नाही. तिला बॅटरी नसते. यंत्र अगदी जवळ धरलं की पंधरा आकडी नंबर उमटतो, बस्स. इंग्लंडात 2016 पासून कुत्र्याला ती सक्तीची आहे. बिल्ल्यासारखी ती तुटून पडत नाही, पण डोळ्यांनी वाचताही येत नाही. आणि नंबरामागं जुना फोन नंबर राहिला तर तिचीही गत माझ्या म्हशीसारखीच. पुतण्याला विचारलं, घर बदललंस तेव्हा नोंद बदललीस का? गप्प बसला.

पूर्वी आपल्याकडं डाग द्यायचे, मेंढ्यांचे कान कातरायचे. त्या खुणेला गाव ओळखायचं, पण चार गावं पलीकडं ती कोण ओळखणार?

म्हस आता नऊ लिटरवर आहे. हाकेला अजून येत नाही. पेंडीच्या बादलीचा आवाज झाला की मात्र पहिली मान तिची वळते.