चित्र आणि परवाना

पडद्यावरचे चलच्चित्र अडखळले की घरातील मंडळी 'बिघडलं वाटतं' एवढा एकच निवाडा देऊन मोकळी होतात. परंतु लिनक्सच्या सहवासात आयुष्याचा बराच काळ घालविल्यावर माझे मत असे बनले आहे की, अशा प्रसंगी पुष्कळदा यंत्र निर्दोष असते आणि कोणीतरी कोठेतरी परवाना रोखून धरलेला असतो.

वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड लखनौस आले आणि पुढे गोमती नगरातील विपुल खंडात स्थिरावले. मराठी नाटके दादरहून मामाच्या पिशवीतून, व्हीसीडीच्या रूपाने येत. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावत असल्यामुळे नायिकेचे रडे अर्ध्यावर थांबवून तबकडी बदलावी लागे. लिनक्सवर ती तबकडी उघडली असता 'डॅट' फाइल दिसे खरी, पण तिची नक्कल करू जावे तर वाचनदोषाची तक्रार येई. कारण व्हीसीडीचे कर्ते चुकांच्या दुरुस्तीसाठी राखलेली जागाही चित्रासाठी वापरून, २०४८ बाइटांच्या जागी २३२४ बाइट भरीत. एमप्लेअर या चित्रवादकाला ही व्हीसीडी आहे अशी स्पष्ट आज्ञा दिली, की तेच नाटक सुरळीत चाले.

हा केवळ तांत्रिक पेच होता. डीव्हीडीने कायदा घरात आणला. विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहण्यासाठी तिचे सांकेतिक कुलूप उघडणारी आज्ञावली १९९९ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत नॉर्वेचा योन योहान्सन हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर फौजदारी खटला चालला आणि २००३ साली तो निर्दोष ठरला.

कुलूप उघडले तरी आतली चित्रध्वनीची नोंद उलगडणारे कोडेक लागेच. ते म्हणजे काय, हे आईला समजावताना लखनौच कामी आले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज काढले, ते पुढे त्यांच्याच नावाने विख्यात झाले. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि मंद्र स्वराखाली टिंब असते. ती खूण न ओळखणाऱ्याच्या हाती बंदिशीचा कागद मुकाच राहतो. ''म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही?'' आईने विचारले. येत होते, पण वाचण्याच्या त्या रीतीवर परदेशी पेटंटे होती, म्हणून एमपी३ वा एच.२६४ उलगडणारा भाग कित्येक लिनक्स-वितरणांच्या तबकडीत मुद्दाम घातलेलाच नसे. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक-आज्ञावलीला पेटंट देत नाही. तरी परक्या मुलुखातील वकिलांच्या धास्तीचा जाच विपुल खंडातील माणसाने सोसावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

पुण्याहून भाच्याच्या मुंजीचे चित्रण आले तेव्हा मंगलाष्टके ऐकू येत, बटू मात्र दिसेना. एफएफप्रोब या तपासनीस आज्ञावलीने एका ओळीत उलगडा केला: आवाज एएसी, चित्र एचईव्हीसी. एकाचा वाचक यंत्रात होता, दुसऱ्याचा नव्हता. तो वितरणाबाहेरच्या आज्ञावली-भांडारातून आणताच बटू प्रकटला. पुढे एका अद्ययावतीकरणानंतर, काल निमूट चालणारी चित्रे गचके देऊ लागली आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. ग्राफिक्स चिप काय काय उलगडू शकते हे सांगणारे 'व्हीएइन्फो' चालवून पाहिले तो एच.२६४ च्या ओळीच यादीतून गायब! ग्राफिक्स चिपची शक्ती शाबूत होती, पण ती वापरण्याची मुभा वितरणाने कायदेशीर सावधगिरीपोटी काढून घेतली होती, आणि सारा भार प्रोसेसरवर पडला होता. निराळ्या भांडारातील ड्रायव्हर बसवून मी ती परत मिळविली.

२०१८ साली आलेले एव्ही१ हे कोडेक स्वामित्वशुल्काविना वापरता येते, याचा मला मनापासून आनंद झाला. आमची चिप मात्र त्याआधीची. त्यामुळे एव्ही१ मधले नाटक हाती आले की रात्री एफएफएमपेगला कामास लावून मी त्याचे एच.२६४ करून ठेवतो, आणि सकाळी आई पहिला अंक लावते.