जोत्याचा तडा

भिवंडीतल्या आमच्या घराच्या जोत्याला तडा गेला, तेव्हा मी शेजारच्या यंत्रमागांना दोष दिला. रात्रंदिवस खटखट चाललेली. दुसरे कोण असणार? दरसाल दिवाळीला तडा लिंपायचा आणि पावसाळा सरला की स्वारी पुन्हा हजर!

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे इथल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. पस्तीसहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, लिंपणे पुरे. गवंड्याला बोलवा."

म्हाताऱ्या गवंड्याने तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. "मास्तर, ही तडकली तर भिंत अजून हलतेय समजा."

महिन्याभरात काच तडकली. मग त्याने जोत्यालगत खणले. यंत्रमाग निर्दोष! आमच्याच मोरीचा फुटका पाइप पायाखालची माती धुऊन नेत होता. आधी पाइप बदलला, मग पोकळी काँक्रीटने भरली. नवी काच पुढचा पावसाळाभर शाबूत राहिली, तेव्हाच त्याने तडा बुजवला.

वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना 'तुमचा पायाच कच्चा' म्हणत आलो. हल्ली म्हणताना जीभ जरा अडखळते.