हबशी पेशवा आणि त्याच्या शत्रूंची शाई

१/ सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत, फौजेत आणि दरबारात, आफ्रिकेतून आलेली हबशी माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांतील बहुतेक गुलाम म्हणून विकली गेली होती. या शहराने त्यांना कसे वागवले? त्यांच्या वर्णाचा प्रश्न होता का? उत्तर शोधू जाता पहिली अडचण उभी राहते ती साक्षीदारांची.

२/ सर्वांत ठळक उदाहरण मलिक अंबरचे. जन्म इथियोपियात, सुमारे १५४८ चा. मूळ नाव चापू. हातोहात विकला जात तो दख्खनेत पोहोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच, एके काळचा गुलाम. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर याच अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि राज्य पाव शतक तगवले.

३/ दरबारात दोन तट होते : दख्खनी आणि इराण-तुराणाकडून आलेले परदेशी. हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूला असत. १५८९ मध्ये नगरात परदेशीयांची कत्तल झाली. त्याच वर्षी इराणी वंशाचा फिरिश्ता नगर सोडून विजापूरला गेला. या काळासाठी आपण ज्याच्या इतिहासावर विसंबतो, तो इतिहासकार असा एका तटाचा माणूस होता.

४/ जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबरला ‘काळ्या तोंडाचा’ म्हणतो. मात्र फारसीत या शब्दाचा अर्थ ‘बेअब्रू झालेला’ असाही होतो; मराठीतही ‘तोंड काळे करणे’ आहेच. मग हा वर्णद्वेष मानावा की केवळ वाक्प्रचार? एका शब्दावरून निकाल देता येत नाही.

५/ निकालाला मदत करते ते एक चित्र. सुमारे १६१६ मध्ये अबुल हसनने काढलेल्या या चित्रात जहांगीर अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे. सोबतच्या लेखात अंबरला रात्रीच्या रंगाची उपमा आहे. येथे रंगाचा अपमान उघड दिसतो. वास्तवात जहांगीरला अंबर कधीच सापडला नाही. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

६/ डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला. तो त्याच्या काळ्या वर्णाची नोंद करतो, आणि लगेच त्याच्या करारी चेहऱ्याची तुलना रोमनांशी करतो. त्याने आणखी एक हकीकत टिपली आहे : अंबरची मुलगी सुलतानाला दिली होती, आणि सुलतानाच्या इराणी राणीने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले. म्हणजे राज्य ज्याच्या बळावर उभे होते, त्याची लेकही जनानखान्यात त्या शब्दापासून सुटली नव्हती.

७/ १६२६ मध्ये अंबर वारला. तेव्हा मोगलांच्याच बखरकाराने, मुतमदखानाने, युद्ध, शासन आणि विवेक यांत त्याला तोड नव्हती असे लिहिले. शत्रू मेल्यावर शाईचा रंग बदलतो.

८/ आता आपल्या भाषांकडे वळावे. नगरजवळच्या भातवडीला १६२४ मध्ये अंबरने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त हा अंबर पराक्रमी सेनानी म्हणून येतो. आणि महसुलाच्या संदर्भात ‘मलिकंबरी’ हा शब्द पुढे कितीतरी काळ टिकला. शेतसाऱ्याच्या त्या शब्दात नाव आहे, वर्ण नाही.

९/ म्हणून अमेरिकेतील गुलामगिरीचा साचा येथे जसाच्या तसा बसत नाही. तेथे गुलामाचे मूल गुलामच जन्मे. येथे अंबरचा मुलगा फतेहखान पेशवा झाला. हबशींच्या पुढच्या पिढ्या दख्खनी समाजात मिसळत गेल्या. पण साचा बसत नाही म्हणजे भेद नव्हता, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे. पेशवाई मिळूनही ‘गुलाम’ हा शब्द मागे लागतच होता.

१०/ सर्वांत मोठी पोकळी मात्र वेगळीच आहे. अंबरबद्दल मोगल बोलतात, डच बोलतात, कवी बोलतात. तो स्वतः क्वचितच ऐकू येतो. आणि त्याच्या घोडदळातील साध्या हबशी शिपायाचे तर नावही उरत नाही. म्हणून कागद हाती आला की आधी विचारावे : हा कोणी लिहिला, कोणाच्या पदरी राहून, आणि कोणाविषयी? तेवढे विचारले, तरच त्या निनावी शिपायाला इतिहासात थोडी जागा मिळण्याची आशा आहे.