उंबरावरचा राज्यपक्षी

उंबर पिकला की हरियाल येतात. मुळशीतल्या मारुंजीच्या शिवारात जिथे बांधावर जुना उंबर अजून तग धरून आहे, तिथे भल्या सकाळी जाऊन उभं राहावं. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, चपला काढून उभं राहिलात तरी कुणी हसणार नाही. आधी काहीच दिसत नाही. पिकली फळं टपटप पडत असतात, वरून एक मंजूळ शीळ येते. नजर स्थिरावली की पानांतलंच एक पान मान वळवतं. हिरवट-पिवळं अंग, खांद्याशी फिकट जांभळा डाग आणि हळदीत बुडवल्यासारखे पाय. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरताना पायात काडी धरतो म्हणे. खरंखोटं सोडा, पारव्याच्या या भाऊबंदाला लोकांनी केवढा मान दिला ते बघा!

राज्य झालं 1 मे 1960 ला आणि दरवर्षी त्याच सुमारास राज्यपुष्प ऐन बहरात असतं. हिंजवडीकडे निघालेल्या गाड्या उन्हात तुंबलेल्या असतात, तेव्हा कडेला कुठे तामण दिसलाच तर काच खाली करा. चुण्या पडलेल्या सहा-सात जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. फूल जुनं होतं तसा रंग विटत जातो, तोवर वरच्या कळ्या उमललेल्या असतात.

शेकरू मात्र मारुंजीत शोधू नये. त्या राज्यप्राण्याला झाडाला झाड भिडलेलं रान लागतं. फांदीवरून फांदीवर झेपावत जाणारा तो जीव, खाली उतरणं त्याला नको असतं. त्यासाठी मुळशीतूनच पुढे ताम्हिणीच्या रानात जावं, नाहीतर 1985 च्या भीमाशंकर अभयारण्यात. राज्यवृक्ष आंबा, त्याची ओळख मी काय करून देणार? 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. मान देऊन वर ताटात वाढायचं, हे आपल्यालाच जमतं!

2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्यफुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळी झळाळी मिरवणारं हे फुलपाखरू अंडी घालतं लिंबाच्या जातीच्या झाडांवर.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी शोभेच्या पामऐवजी तामण लावा, बांधावरचा उंबर राखा आणि कुंडीतल्या लिंबावर अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका.