सुकाणूची ढील

सातवीची मुलं घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावावर गेलो होतो. पलीकडे नागझिऱ्याचं जंगल, अलीकडे पारीवर आम्ही. एका मुलीनं विचारलं, "सर, पुस्तकातल्या होडीले सुकानू रायते. आमच्या डोंग्याले काऊन नाही जी?"

तिचे वडील ढीवर. जाळं सोडवता सोडवता त्यांनीच उत्तर दिलं, "हा बांबूच आमचा सुकानू, गुर्जी. याचा काही ढिला होत नाही."

मुलं हसली, मीही हसलो. पण ते 'ढिला' मला लागलं. का, ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं.

कॉलेजात मी एनसीसीच्या नौदल शाखेत होतो. छोट्या शिडाच्या होडीला सुकाणू दारासारखंच टांगलेलं असतं. होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्या, सुकाणूवर दोन खिळे (आपण पिन म्हणू). पिन कडीत उतरते आणि सुकाणू डावी-उजवीकडे फिरतं. हजारदा फिरलं की पिन झिजते, कडीचं गोल भोक लांबट होतं. पाण्यात उतरण्याआधी सुकाणू हातानं हलवून पाहायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. मी न हलवताच वहीत 'ठीक' लिहिलं. नाश्त्याची घाई होती, दुसरं काही नाही.

तळ्याच्या मधोमध वारा वाढला, होडी कलली आणि सुकाणू कड्यांतून वर निसटलं. लाकूड तरंगतं, म्हणून ते वर उचललं जाऊ नये यासाठी एक छोटी पट्टी असते. ती पट्टीही सैल होती. होडी उलटली. माझ्याबरोबरचा पोरगा पहिल्या वर्षाचा, पोहायला कच्चा. जॅकेट होतं म्हणून वाचला, पण किनाऱ्यावर तो कितीतरी वेळ थरथरत होता. वहीतला तो 'ठीक' कुणीच तपासला नाही. मीही बोललो नाही.

वर्ग एकदम शांत झाला. मग एकानं विचारलं, "किती ढिला होता सर?" इथून आमचं गणित सुरू झालं.

फळ्यावर आकृती काढली. दोन कड्यांमधलं अंतर 20 सेंमी, खालच्या कडीपासून सुकाणूचं टोक 60 सेंमी खाली. प्रत्येक भोकात पिनला 1 मिमी मोकळीक. वरची पिन एका बाजूला टेकली आणि खालची दुसऱ्या बाजूला, तर 20 सेंमीत 1 मिमी तिरकेपणा येतो. म्हणजे पुढच्या 60 सेंमीत 3 मिमी. खालच्या पिनची अर्धी मिमी धरून साडेतीन. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. एकूण 7 मिमी! गुणोत्तर-प्रमाण इतक्या शांतपणे या वर्गानं याआधी कधी सोडवलं नव्हतं.

पुढे त्या होडीच्या कड्या बदलायच्या कामात मी मुद्दाम मागून घेऊन राहिलो. पिन आणि कडी जोडीनंच बदलायची, नवी पिन जुन्या लांबट भोकात घातली तर ढील तशीच राहते. जुने स्क्रू पुन्हा त्याच कुजक्या भोकात पिळून चालत नाही, भोक साफ करून, घट्ट भरून, नव्यानं पाडायचं. दोन्ही कड्या एका ओळंब्यात हव्यात, नाहीतर सुकाणू अडकतं. म्हणून आधी सुकाणू टांगायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि मगच ड्रिल. शेवटी ती पट्टी.

मोठ्या बोटीही यातून सुटत नाहीत. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ला पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. परतीच्या वाटेवर सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबून दुरुस्ती करावी लागली. हा थांबा ठरलेला नव्हता. 21 मे 2018 ला त्या गोव्यात परतल्या. आमच्या मुलींना यातलं वादळ नाही, ते थांबणं जास्त आवडलं.

पालकांनो, त्या आठवड्यात पोरांनी घरची दारं, सायकलीची हँडलं, बैलगाडीची चाकं हलवून पाहिली असतील तर रागावू नका, घरपाठ मीच दिला होता. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची वरची बिजागरी निघायला आली होती. ती शोधली डोंग्यावाल्या मुलीनंच. वहीत तिनं लिहिलं, 'ठीक नाही.' खाली माझी सही घेतली, आणि दुपारी आम्ही दोन्ही बिजागऱ्या आणायला तिरोड्याला गेलो.